तबकडीचा पाठभेद : जॅझ, आपलं जुनं गाणं आणि पुनर्मुद्रण

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी एका जुन्या गायकाविषयी लेख लिहिला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत त्याची जी थोडी ध्वनिमुद्रणं झाली, ती मी एका कॅसेटवर ऐकली होती. ‘उंच पट्टीतला, काहीसा बायकी वाटावा असा कोवळा आवाज आणि दमछाक करणारी लय’ असं त्याच्या गाण्याचं वर्णन मी केलं होतं. नाटकाच्या रंगमंचावर ध्वनिक्षेपक नसण्याशी त्या उंच पट्टीचा संबंधही जोडून दाखवला होता. लेखाचं कौतुक झालं. महिनाभरानं कंधारहून एक पोस्टकार्ड आलं. मजकूर दोनच ओळींचा : ‘लेख वाचला. आपण रेकॉर्ड ऐकली की कॅसेट? एकदा इकडे यावे.’

कार्ड लिहिणारे निवृत्त शिक्षक होते. किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत त्यांचं माळवदाचं घर. वडिलांनी निजामाच्या काळात हैदराबादहून आणलेला चावीचा फोनो आणि चारेकशे तबकड्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. त्यांना सगळं गाव गुरुजी म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाखेच्या तबकड्या आडव्या एकमेकींवर ठेवल्या तर मऊ पडून वाकतात, म्हणून त्यांनी लाकडी खोक्यांत त्या उभ्या लावल्या होत्या आणि खोकी घरातल्या सर्वांत गार खोलीत होती. त्यातून त्यांनी माझ्या लेखातली तबकडी काढली आणि शेजारी हार्मोनियम ओढून घेतली.

“लेबलावर गती लिहिलेली नाही बगा. मंग अठ्ठ्याहत्तर फेरे हे कुणी ठरवलं?” त्यांनी विचारलं.

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांना षड्ज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध लोंबकळत होता. गुरुजींनी फोनोचा गतीचा काटा हळूहळू मागे सरकवला. पांढरी दोनशी सूर मिळाला. ते थांबले नाहीत. अजून मागे, काळी एकशी सूर पुन्हा मिळाला, आणि त्या कर्ण्यातून मी कधीच न ऐकलेला माणूस गाऊ लागला. आवाज भरदार, पोक्त. बोल स्वच्छ. ज्याला मी दमछाक म्हटलं होतं, ती निवांत मध्यलय होती. लेबलावर कागदाची चिठ्ठी चिकटवून आम्ही घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला एकाहत्तर-बहात्तर भरले. “याच्या खाली नेलं की माणूस पेंगतो,” गुरुजी म्हणाले.

माझ्या लेखातला तो सगळा परिच्छेद गायकाविषयी नव्हताच. कॅसेट बनवताना तबकडी ज्या गतीनं फिरवली गेली, त्या गतीचं ते रसग्रहण होतं. हा लेख त्या चुकीतून आला आहे.

१

गणित सोपं आहे. तबकडी जास्त वेगानं फिरवली की सूर चढतो आणि लयही वाढते. दोन्ही गोष्टी एकत्रच घडतात. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर सुमारे सहा टक्क्यांचं. म्हणजे ७८ फेऱ्यांच्या आसपास साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की गाणं एक पट्टी सरकतं. ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेलं तीन मिनिटं वीस सेकंदांचं गाणं ७८ ला वाजवलं, तर दहा सेकंद आधी संपतं आणि जवळजवळ एक पट्टी वर चढतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुद्रणाची गती सर्वत्र एक नव्हती. वेगवेगळ्या कंपन्यांत आणि दौऱ्यांत ती सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्याही पुढे हलत असे. १९०२ साली फ्रेडरिक गैसबर्ग कोलकात्यात आला आणि गौहरजानचं गाणं त्यानं मुद्रित केलं. त्या मेणाच्या मुद्रिका जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात आणि तिथे तबकड्या दाबून परत येत. कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. गाण्याच्या शेवटी कलावंत आपलं नाव पुकारी ते याच प्रवासासाठी, असं सांगतात. हॅनोव्हरच्या कामगाराला कोणती मुद्रिका कुणाची हे कळावं म्हणून. नाव पुकारण्याची सोय झाली. गती पुकारण्याची झाली नाही.

पेटीची साथ असलेल्या तबकडीत गुरुजींची रीत कामी येते. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या असतात, त्यामुळे गायकाचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मधे पडत असेल तर गती चुकली आहे असा संशय घ्यावा. पण यातून एकच उत्तर मिळत नाही. साडेचार-साडेचार फेऱ्यांच्या अंतरावर दोन-तीन उत्तरं मिळतात आणि त्यांतलं एक कानानं निवडावं लागतं. जुन्या पेट्याही सगळ्या एकाच मापात मिळवलेल्या नसत. म्हणून ही खूण आहे, पुरावा नाही. विजेवरचं मुद्रण १९२५ नंतर आलं. त्या काळच्या काही तबकड्यांत पार्श्वभूमीला विजेची बारीक गुणगुण ऐकू येते. तिची कंपनसंख्या माहीत असेल तर गती ठरवायला तीही मदत करते.

२

हे दुखणं फक्त आपलं, गरीब देशाचं, असं वाटत असेल तर जॅझकडे पाहावं. तबकड्या जमवण्याचं वेड तिथे पराकोटीला गेलं आहे. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ १९५९ सालची. जॅझच्या तबकड्यांत तिच्याइतकं नाव क्वचितच दुसऱ्या कुठल्या तबकडीचं झालं असेल. तिची पहिली बाजू त्या वर्षी २ मार्चला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत मुद्रित झाली. त्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित मंद चालत होतं. मंद यंत्रावर मुद्रित झालेली टेप योग्य गतीनं वाजवली की सूर चढतो. त्यामुळे पहिल्या बाजूच्या तीनही रचना मुळापेक्षा थोड्या वरच्या सुरात छापल्या गेल्या आणि तीस वर्षांहून जास्त काळ जगानं त्या तशाच ऐकल्या. त्या दिवशी सावधगिरी म्हणून दुसरं यंत्रही चालू होतं आणि त्याची गती बरोबर होती. त्या टेपवरून १९९२ साली दुरुस्त आवृत्ती निघाली.

आता संग्राहक कोणती प्रत जपेल? बाजारात मोल १९५९ च्या पहिल्या छापाला आहे. माइल्सनं त्या दिवशी जे वाजवलं, ते पहिल्या छापात नाही, पुनर्मुद्रणात आहे. पण एका अख्ख्या पिढीनं जे ऐकलं, ज्यावर लिहिलं, ज्याच्यासोबत आपापली वाद्यं वाजवली, ते पहिल्या छापातच आहे. ‘मूळ’ हा शब्द इथे दुभंगतो. एक मूळ वाजवणाऱ्याचं, एक ऐकणाऱ्याचं. दोन्हींना इतिहासात जागा आहे, फक्त लिहिताना आपण कुठल्याविषयी बोलतो आहोत ते सांगायला हवं.

‘ब्लू नोट’ या कंपनीची कथा आणखी बोलकी आहे. तिची बहुतेक गाजलेली मुद्रणं रूडी व्हॅन गेल्डर यानं केली. हा माणूस व्यवसायानं डोळे तपासून चष्म्याचे नंबर देणारा. न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात त्यानं मुद्रण सुरू केलं आणि १९५९ साली एंगलवुड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. संग्राहक त्याच्या तबकडीच्या शेवटच्या कोऱ्या पट्ट्यात त्याची आद्याक्षरं शोधतात, दाबणाऱ्या कारखान्याची कानासारखी खूण शोधतात, लेबलावर कंपनीचा पत्ता कोणता छापला आहे ते बघतात. पत्ता बदलला की छाप बदलला, छाप बदलला की किंमत बदलली. आपल्याकडे पोथीचा कागद, शाई, लेखकाचा हात पाहून काळ ठरवतात, तसाच हा प्रकार.

पण त्याच व्हॅन गेल्डरनं १९९९ पासून आपल्याच जुन्या मुद्रणांची सीडीसाठी नव्यानं प्रत तयार केली, तेव्हा बऱ्याच संग्राहकांना ती पसंत पडली नाही. आवाज पुढे आणला, कडक केला, असं त्यांचं म्हणणं. पुढे २०१९ पासून ‘टोन पोएट’ या मालिकेत केव्हिन ग्रे यानं मूळ टेपवरून नव्या तबकड्या कापल्या आणि अनेक जाणकारांनी त्यांना पहिल्या छापाच्या बरोबरीनं, कधी वरही, ठेवलं. म्हणजे ज्यानं मुद्रण केलं त्याच्याच हातची दुसरी प्रत नाकारली गेली आणि परक्या माणसाची तिसरी प्रत स्वीकारली गेली. कर्त्याचा अधिकार इथे अंतिम ठरला नाही.

३

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतरानं आणि लेखकांच्या हातांनी शिरलेले अपपाठ त्यांनी काढले आणि पुढच्या शतकांत ज्ञानेश्वरी म्हणजे बहुतांशी नाथांची प्रत असं समीकरण झालं. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्याला जुनी वाटलेली एक प्रत छापली आणि वाद पेटला. जुनी प्रत ती खरी, की ज्याला ग्रंथ कळला त्यानं शुद्ध केलेली प्रत खरी? त्या वादातून आपण एक शिस्त शिकलो. पाठभेद तळटीपेत द्यायचे, कुठली पोथी ते सांगायचं आणि संपादकानं आपला हात झाकायचा नाही.

तबकडीच्या पुनर्मुद्रणाला हीच शिस्त लागू व्हावी असं माझं म्हणणं आहे, कारण पुनर्मुद्रण म्हणजे नक्कल नव्हे, संपादन आहे. जुनी तबकडी टेपवर किंवा संगणकावर घेताना किमान चार निर्णय होतात. प्रत कोणती घ्यायची, सुई किती जाड घ्यायची, गती किती ठेवायची आणि खरखर किती काढायची. लाखेच्या तबकडीचा चर रुंद असतो. तिला लाँगप्लेची बारीक सुई लावली की ती चराच्या तळाशी, वर्षानुवर्षं साचलेल्या धुळीत आणि लोखंडी सुयांनी झिजलेल्या भागात फिरते. भिंतींवरचं गाणं तिला नीट सापडत नाही.

सर्वांत घातक निर्णय चौथा. लाखेच्या मिश्रणात दगडाची भुकटी असते आणि खरखर येते ती प्रामुख्यानं तिथून. ही खरखर आणि तंबोऱ्याची जवारी आवाजाच्या वरच्या पट्ट्यात एकमेकांच्या शेजारी राहतात. श्वास, ‘स’ आणि ‘श’, तबल्याच्या चाटेचा टणत्कार हेही तिथेच. गाळणी लावून खरखर पुसली की शेजारीही जातात. उरतो तो कापसात गुंडाळलेला गळा. ऐकणारा म्हणतो, ‘किती स्वच्छ!’ मग त्यातलाच एखादा समीक्षक लिहितो की, त्या काळच्या गायकांचे उच्चार बोथट होते.

४

पुनर्मुद्रण हे संपादन आहे, हे आपल्याकडे सगळ्यांना ऐकू येईल असं एकदाच घडलं. नव्वदच्या दशकात एसटी स्टँडवरच्या कॅसेटच्या गाड्यावर ‘झंकार बीट्स’ नावाचा माल आला. जुन्या चित्रपटगीतांवर वरून ढोलकी-ड्रमचा इलेक्ट्रॉनिक ठेका चढवलेला. जाणकारांनी नाकं मुरडली. पण कंधारच्या बाजारात त्याच कॅसेटी जोरात खपल्या आणि माझ्या वयाच्या कित्येकांनी ती गाणी पहिल्यांदा ऐकली ती त्याच रूपात. मी झंकारला दोष देत नाही. त्यांनी निदान वेष्टनावर तसं छापलं होतं. न सांगता केलेली हातसफाई मला जास्त धोक्याची वाटते.

गुरुजींच्या खोक्यात ‘अलबेला’च्या तबकड्या होत्या. १९५१ चा चित्रपट, भगवानदादांचा. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. त्यांच्यासोबत तेव्हा काम करत होता गोव्याच्या अल्डोना गावचा अँटोनियो झेवियर वाझ. ‘चिक चॉकलेट’ या नावानं मुंबईच्या जॅझ बैठकींत ट्रम्पेट वाजवणारा. ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबेचा वाद्यवृंद आला, मागोमाग टेडी वेदरफर्ड आला आणि त्यांच्याबरोबर गोव्याचे वादक तयार झाले. ही सगळी कहाणी नरेश फर्नांडिस यांनी ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ या २०१२ च्या ग्रंथात मांडली आहे. ग्रंथासोबत त्या काळच्या मुद्रणांची सीडीही दिली होती. जुन्या तबकड्यांतून उचललेला मुंबईचा जॅझ त्यामुळे पुन्हा ऐकायला मिळाला. मुंबईच्या हॉटेलात ज्यांना पाऊल ठेवता आलं नसतं अशा आमच्या गावांत जॅझ पोहोचला तो चितळकरांच्या चालींतून, लाखेच्या तबकडीवर, हे आपण विसरतो.

इथेही ‘मूळ’ कुठलं हा गुंता आहेच. चित्रपटातलं गाणं पडद्यासाठी, तबकडीतलं गाणं सव्वातीन मिनिटांसाठी. त्या काळी कितीतरी गाण्यांची पडद्यावरची आणि तबकडीवरची रूपं वेगळी. एखादं कडवं पडद्यावर आहे, तबकडीवर नाही. कुठे मधलं वाद्यसंगीत छाटलेलं. लांब गाणं तबकडीच्या दोन बाजूंना ‘भाग १’ आणि ‘भाग २’ असं वाटलेलं. पुढे लाँगप्लेवर ते सांधलं गेलं आणि सांधा लपवला गेला. शास्त्रीय गायकांच्या बाबतीत तर ही तीन मिनिटांची चौकट म्हणजे एक स्वतंत्र कलाप्रकारच झाला. तासाभराचा राग तीन मिनिटांत मांडताना गायकानं काय सोडलं आणि काय ठेवलं, हे त्याच्या विचाराचं सर्वांत नेमकं दर्शन असतं. पण ती तीन मिनिटं खरोखर किती होती, हे आधी कळायला नको का?

५

संग्राहकांच्या बाजूनंच सगळं बोललो तर लेख एकांगी होईल. ‘मूळ छापाचा आवाज वेगळाच’ या श्रद्धेला २०२२ साली चांगलाच धक्का बसला. ‘मोबाइल फिडेलिटी’ ही अमेरिकेतली कंपनी जुन्या मुद्रणांच्या महागड्या आवृत्त्या काढण्यासाठी नावाजलेली. अस्सल टेपवरून थेट तबकडी, मधे संगणक नाही, अशी तिच्या ग्राहकांची समजूत होती. त्या वर्षी उघड झालं की, अनेक तबकड्यांसाठी कित्येक वर्षं मधे डिजिटल टप्पा वापरला जात होता. संग्राहक चिडले, प्रकरण न्यायालयात गेलं. पण अवघड प्रश्न वेगळाच होता. ज्यांनी त्या तबकड्यांच्या ‘अस्सल’ उबेचं वर्णन केलं होतं, त्यांच्यापैकी कुणालाच तो टप्पा कानानं ओळखता आला नव्हता. माझीही गोष्ट वेगळी नव्हती. मी कॅसेटची गती ऐकली आणि गायकाचा गळा समजलो. त्यांनी वेष्टनावरची जाहिरात ऐकली.

म्हणून पहिला छाप पवित्र आणि नंतरचं सगळं भ्रष्ट, ही भूमिका मला मान्य नाही. ‘काइंड ऑफ ब्लू’चा पहिला छाप चुकीचा होता. गुरुजींची तबकडी अस्सल होती, पण ७८ फेऱ्यांना तीही खोटंच बोलत होती. अस्सलपणा वस्तूत नसतो, तपशिलाच्या प्रामाणिकपणात असतो. मुंबईच्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’नं १९९० पासून जे काम केलं, मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय मुद्रणांची जी सूची केली, त्याचं मोल इथे आहे. सूचीतला क्रमांक रुक्ष दिसतो, पण त्यावरून मुद्रणाचा काळ आणि दौरा लागतो आणि गतीचा अंदाजही तिथूनच सुरू होतो.

पुनर्मुद्रण करणाऱ्याकडे माझी मागणी चार ओळींची आहे : मूळ तबकडीचा क्रमांक, वाजवण्याची गती, वापरलेली गाळणी आणि जोडतोड केली असल्यास ती. समीक्षकाकडे मागणी एकाच ओळीची आहे : आपण कोणती प्रत ऐकली ते लिहावं. पोथीचा पाठ न सांगता ओवीवर भाष्य करणाऱ्याला आपण अभ्यासक म्हणत नाही. गाण्याच्या बाबतीत ही सवलत आजवर आपण स्वतःला देत आलो.

६

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अंतराळात गेली. तिच्यावर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि लुई आर्मस्ट्राँगचं १९२७ चं ‘मेलन्कली ब्लूज’ही आहे. आपलं गाणं आणि जॅझ एकाच तबकडीवर, आणि दोन्ही पुनर्मुद्रित. केसरबाई त्याच वर्षी, यानं निघाल्यानंतर काही दिवसांतच, वारल्या. त्या तबकडीच्या आवरणावर आकृत्या कोरल्या आहेत. सुई कुठे ठेवायची, आणि एक फेरा किती वेळात पुरा व्हायला हवा. ३.६ सेकंदांत, म्हणजे मिनिटाला पावणेसतरा फेऱ्यांना थोडे कमी. हे माप हायड्रोजनच्या अणूच्या भाषेत लिहिलं आहे, कारण वाचणाऱ्याला आपलं घड्याळ माहीत नसणार. जी तबकडी बहुधा कुणीच ऐकणार नाही, तिच्या गतीची एवढी काळजी घेतली गेली.

मागच्या पावसाळ्यात मी पुन्हा कंधारला गेलो होतो. गुरुजी थकले आहेत. मुलगा पुण्यात असतो. त्याचं म्हणणं, ‘सगळी गाणी मोबाइलवर आहेत, खोकी कशाला?’ भंगारवाला येऊन वजनही विचारून गेला होता. मुलगा चुकीचं बोलत नाही. गाणी खरंच मोबाइलवर आहेत. माझ्या लेखातल्या गायकाचं गाणंही आहे, अजूनही त्याच चढ्या सुरात, खाली हजारो दाद देणाऱ्यांसह.

आम्ही चार दिवस बसलो. शाळेच्या दोनशे पानी वहीत एकेका तबकडीची नोंद केली : कंपनी, क्रमांक, दोन्ही बाजूंची गाणी, साथीची पेटी कोणत्या पट्टीशी मिळते आणि कोणत्या गतीला. एकशे चाळीसपर्यंत पोहोचलो. शेवटचा रकाना गुरुजी स्वतःच्या हातानं भरतात आणि जिथे त्यांचं मन होत नाही तिथे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढतात. त्या गायकाच्या तबकडीपुढे त्यांनी लिहिलं आहे : ‘काळी एक. ७१ ते ७२.’ माझ्या जुन्या लेखाची दुरुस्ती एवढीच आहे. ती इथे छापली जावी म्हणून हा लेख लिहिला.